दूरचित्रवाणीपूर्व मावळातील मुलांचा घरातील वेळ : एक सामाजिक-ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सारांश

दूरचित्रवाणी नसलेल्या घरात मुले आपला वेळ कसा घालवीत असत, हा प्रश्न पालकसभांतून आणि शिक्षकांच्या चर्चांतून वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा स्मरणरंजनाच्या स्वरात दिले जाते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. पाऊस, उजेड आणि काम या तीन घटकांनी मुलांचा घरातील वेळ घडविला, तो मुलगा व मुलगी, जमीनदार व भूमिहीन यांच्यात समान वाटला गेलेला नव्हता आणि दूरचित्रवाणीने खेळापेक्षा सायंकाळच्या संवादाची जागा अधिक घेतली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात बालपण हा विषय उशिरा आला. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांचा बालपणाच्या इतिहासावरील ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच बालपण ही केवळ जैविक अवस्था नसून तिलाही काळाप्रमाणे बदलणारा इतिहास असतो, ही दृष्टी विद्यापीठीय अभ्यासात रुजली. आरिएस यांच्या अनेक निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले. तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न टिकून राहिला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मात्र किल्ले, लढाया, वतने आणि चळवळी यांच्या तुलनेत मुलांच्या दैनंदिन जीवनाला अत्यल्प जागा मिळाली आहे.

मावळचा विचार करता ही उणीव अधिक जाणवते. पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळ ही नावे उच्चारताच आपल्या मनात शिवकाल उभा राहतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे दुर्ग, कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी यांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु या किल्ल्यांच्या पायथ्याशी असलेल्या घरांत आषाढातील एखाद्या दुपारी आठ-दहा वर्षांची मुले काय करीत असत, याकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा गेले नाही.

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु आज आपण शिक्षक या नात्याने पालकांना 'दूरचित्रवाणी बंद करा' असा सल्ला देतो, तेव्हा त्या सल्ल्यामागे भूतकाळाचे एक चित्र गृहीत असते. ते चित्र कितपत खरे आहे, याची तपासणी करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

२. साधनांचा विचार

मुले स्वतःचा इतिहास लिहून ठेवीत नाहीत. त्यामुळे या विषयासाठी अप्रत्यक्ष साधनांवर अवलंबून राहावे लागते. अशी साधने चार प्रकारची आहेत. पहिला प्रकार वस्तूंचा होय. तेर व नेवासे येथील उत्खननांत सातवाहनकालीन मातीची खेळणी मिळाली आहेत, तर नाशिकच्या पांडवलेणीत दगडावर कोरलेल्या पटखेळांच्या आकृत्या आढळतात. दुसरा प्रकार मौखिक परंपरेचा. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनी पुणे येथील आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या असून पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील कष्टकरी स्त्रियांचा त्यात मोठा वाटा आहे. तिसरा प्रकार आत्मपर लेखनाचा आणि कादंबऱ्यांचा. तळेगाव दाभाडे येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेले गो. नी. दांडेकर यांच्या 'पवनाकाठचा धोंडी' व 'माचीवरला बुधा' या कादंबऱ्यांत या मुलखातील जीवनाचा तपशील जवळून टिपलेला दिसतो. चौथा प्रकार म्हणजे आज सत्तरीच्या पुढे असलेल्या पिढीची स्मृती. हे चौथे साधन दरवर्षी थोडेथोडे नष्ट होत आहे आणि प्रस्तुत लेखाची निकड त्यातूनच निर्माण झाली आहे.

३. पाऊस, उजेड आणि काम

मावळातील घरगुती वेळेचा पहिला नियंता पाऊस होय. लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक आहे. अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात ते सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास असते. देशावरील मुलांना पावसाळ्यातही बऱ्याच वेळा अंगणात खेळता येई. घाटमाथ्यावरील मुलांना मात्र जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पडवी, ओटी आणि माजघर यांतच दिवस काढावे लागत. या अर्थाने 'घरातील वेळ' ही मावळच्या बाबतीत ऋतूने लादलेली गोष्ट होती. याच काळात भाताची आवणी चाले. घरातील धडधाकट माणसे इरले पांघरून खाचरात उतरत आणि घरी उरत ती म्हातारी माणसे व लहान मुले. आजी-नातवंडांच्या ज्या सहवासाचे आपण कौतुक करतो, त्याची मुळे भातशेतीच्या या श्रमविभागणीत आहेत.

दुसरा नियंता उजेड होय. येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. टाटा जलविद्युत योजनेसाठी लोणावळ्याजवळ धरणांचे काम १९११ साली सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात नेऊन १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली जाऊ लागली. म्हणजेच मावळात पडणाऱ्या पावसाने मुंबईचे माग फिरू लागले. परंतु याच तलावांभोवतीच्या खेड्यांत त्यानंतरही कित्येक दशके रॉकेलची चिमणी आणि कंदीलच तेवत होते. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह सर्वश्रुत आहे. विजेचा हा इतिहास बहुधा उद्योगाच्या किंवा विस्थापनाच्या अंगाने लिहिला जातो. मुलांच्या संध्याकाळीशीही त्याचा संबंध होता, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. रॉकेल मोजून वापरावे लागे, म्हणून घरात बहुधा एकच दिवा लागे आणि एकच दिवा असल्यामुळे सारे घर त्याच्याभोवती किंवा चुलीभोवती एकत्र येई. कुटुंबाचे ते एकत्र बसणे संस्कारामुळे जितके होते, तितकेच ते काटकसरीमुळेही होते.

तिसरा नियंता काम होय. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

४. घरातील खेळ आणि त्यांचे व्याकरण

घरात खेळल्या जाणाऱ्या खेळांची यादी मोठी आहे. सागरगोटे, काचापाणी, कवड्या, चिंचोके, वाघ-बकरी, सारीपाट, भातुकली, लपंडाव, झिम्मा, फुगडी अशी नावे सहज आठवतात. यादीपेक्षा या खेळांमागील काही समान सूत्रे अधिक महत्त्वाची आहेत.

पहिले सूत्र म्हणजे साधन विकत आणावे लागत नसे. सागरगोटा म्हणजे गजग्याचे कठीण, राखी रंगाचे बी. काचापाण्यासाठी फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. वाघ-बकरीसाठी शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने आखलेला पट आणि खडे. जमीन दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवली की पट पुसला जाई आणि नव्याने आखावा लागे. त्यामुळे पट आखण्याची विद्या प्रत्येक मुलाला अवगत असे. तयार पट विकत मिळू लागल्यावर ही विद्या अनावश्यक ठरली. खेळ राहिला, परंतु खेळाचा निर्माता असलेला मुलगा त्याचा केवळ ग्राहक झाला.

दुसरे सूत्र असे की या खेळांत हात, डोळा आणि गणन यांचा मेळ असे. सागरगोट्यांत एक गोटा वर उडवून तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरील एक, मग दोन, मग तीन गोटे उचलावयाचे असतात. काचापाण्यात शेजारचा तुकडा न हलविता हवा तो तुकडा अलगद बाजूला काढावा लागतो. कवड्यांचे दान मोजताना बेरीज आपोआप होते. शाळेत न जाणाऱ्या मुलींनाही अंकज्ञानाचा हा एक मार्ग उपलब्ध होता.

तिसरे सूत्र संक्रमणाचे आहे. हे खेळ मोठ्यांनी लहानांना शिकविण्यापेक्षा मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकविले. अंगणातील विटीदांडूचे उदाहरण घेता येईल. त्यातील 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही मोजणी तेलुगू-कन्नड संख्यावाचकांशी नाते सांगते, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेले हे शब्द मुलांनी मुलांना देत शतकानुशतके टिकविले. ब्रिटनमध्ये आयोना व पीटर ओपी या दांपत्याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या शालेय मुलांच्या मौखिक परंपरेच्या अभ्यासातही असेच आढळले होते. मुलांची परंपरा ही मोठ्यांच्या परंपरेला समांतर वाहणारी, बऱ्याच अंशी स्वायत्त अशी धारा असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मैदानी खेळांचे प्रमाणीकरण झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम तयार केले आणि हुतूतूसारखे खेळही पुढे नियमबद्ध स्पर्धांच्या कक्षेत आले. घरातील खेळांचे मात्र असे प्रमाणीकरण झाले नाही. त्यामुळे ते गावागावांत वेगळे राहिले आणि त्यांची नोंदही विरळ राहिली. ज्या खेळांना संघ, पंच आणि चषक मिळाले, ते इतिहासात आले. जे माजघरात राहिले, ते विस्मरणात गेले. ते खेळ मुख्यतः मुलींचे होते, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

५. गोष्ट, ओवी आणि परवचा

घरातील वेळेचा दुसरा मोठा भाग ऐकण्याचा होता. चिमणी-कावळ्याच्या घरांची गोष्ट महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. परंतु ज्या मुलाने घाटमाथ्याचा पाऊस पाहिला आहे, भिंतीवर बाहेरून पेंढ्याचे झड बांधलेले पाहिले आहे आणि छप्पर गळू लागताच वाकळा उचलून कोरड्या कोपऱ्यात नेल्या आहेत, त्याला पावसात वाहून जाणारे घर ही कल्पना वाटत नसे. तो त्याचा अनुभव असे. गोष्ट ऐकण्याचा आणि घराबाहेरचे जग समजून घेण्याचा व्यवहार असा एकत्र चाले.

पहाटेची वेळ जात्याची असे. आई दळत असताना तिच्या मांडीवर किंवा जवळच वाकळेत पडलेले मूल अर्धवट झोपेत ओवी ऐके. त्या ओव्यांत माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरपूर, पीक, पाऊस असे सारे विषय येत. मुलाला त्यातील अर्थ लगेच कळत नसे. भाषेचा ताल मात्र त्याच्या कानांत मुरत असे. शान्ता शेळके यांनी आपल्या जडणघडणीविषयी लिहिताना बालपणी घरातील स्त्रियांच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या-गाण्यांचे ऋण मान्य केले आहे. त्यांचे बालपण पुणे जिल्ह्यातच, खेड-मंचरच्या परिसरात गेले होते.

सायंकाळी दिवेलागणीनंतर काही घरांत परवचा म्हटला जाई. त्यात पाढे, पावकी, निमकी, अडीचकी, तिथी-नक्षत्रे आणि स्तोत्रे येत. तथापि परवचा हा सर्व घरांचा आचार होता, असे मानणे चुकीचे ठरेल. लिहिण्या-वाचण्याची परंपरा असलेल्या, बहुधा वरिष्ठ जातींच्या घरांपुरता तो मर्यादित होता. मावळातील शेतकरी, ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांच्या मुलांची सायंकाळ वेगळ्या ज्ञानाने भरलेली असे. रानातील कंद, मासे धरण्याच्या युक्त्या, गुरांचे आजार, देवदेवतांच्या कथा, कोडी आणि गाणी हे त्यांचे पाठांतर होते. पाठ्यपुस्तकाने पहिल्या प्रकारच्या ज्ञानाला मान्यता दिली आणि दुसऱ्याला अज्ञान ठरविले. दूरचित्रवाणी येण्याच्या कितीतरी आधीच मुलांच्या एका मोठ्या वर्गाच्या घरगुती ज्ञानाचे असे अवमूल्यन झालेले होते.

६. मोकळा वेळ कोणाचा ?

येथे या लेखातील मध्यवर्ती प्रश्नाशी आपण येतो. दूरचित्रवाणी नव्हती म्हणजे मुलांकडे मोकळा वेळ होता, असे गृहीत धरता येईल काय ?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, शेतकऱ्यांना गुरे राखण्यासाठी व शेतीच्या कामासाठी मुलांची गरज असते, म्हणून ती शाळेपासून दूर राहतात, हे स्पष्टपणे मांडले होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक नामदार गोखले यांनी १९११ मध्ये मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात यासंबंधीचा कायदा १९२३ साली झाला, परंतु डोंगराळ भागात त्याची अंमलबजावणी मंदगतीने झाली. तेव्हा मावळातील बहुसंख्य मुलांचा दिवस हा कामाचा दिवस होता. मुलगे गुरांमागे रानात जात. तेथे त्यांना काही अंशी खेळण्याची मुभा मिळे. मुलींना मात्र पाणी भरणे, शेण गोळा करणे, सारवणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे ही कामे घरातच असत आणि घरातील काम कधी संपत नसे.

शारदा कायदा १९२९ साली संमत झाला व १९३० पासून अमलात आला. त्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. यावरून त्यापूर्वी मुलींचे बालपण किती लवकर संपत असे, याची कल्पना येते. सागरगोटे खेळणारी मुलगी आणि सासरी गेलेली मुलगी यांच्यात पुष्कळदा एका पावसाळ्याचेच अंतर असे. नागपंचमी, मंगळागौर, भोंडला या प्रसंगी स्त्रियांच्या खेळांना जे सामाजिक अनुमोदन मिळाले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर नव्याने लावता येतो. एरवी न मिळणारी खेळण्याची परवानगी सणाच्या निमित्ताने मिळत असे.

लोणावळा-खंडाळ्याची स्थिती थोडी निराळी होती. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाल्यानंतर येथे रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत, मुंबईच्या धनिकांचे बंगले आणि त्यांवर राबणारी स्थानिक कुटुंबे असे तीन थर निर्माण झाले. बंगल्यात उन्हाळ्यापुरती येणारी मुले, ठरावीक वेळापत्रकात वाढणारी रेल्वे वसाहतीतील मुले आणि बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणारी माळ्याची मुले यांचा 'घरातील वेळ' एकाच गावात तीन प्रकारचा होता. म्हणून 'पूर्वीची मुले' असा एकवचनी विचार इतिहासाला मान्य होणार नाही.

७. छापील पान आणि आकाशवाणी

मौखिक परंपरा आणि दूरचित्रवाणी यांच्या दरम्यान आणखी दोन माध्यमे घरात आली. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली पुण्यात 'आनंद' हे मुलांचे मासिक सुरू केले. 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून आणि बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. लोहमार्गालगतच्या तळेगाव, वडगाव, लोणावळा या गावांत अशी मासिके सहज पोहोचू शकत. पवनेच्या वरच्या खोऱ्यात ती क्वचितच जात. एक अंक अनेक घरांतून फिरे आणि वाचता येणारे मूल न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवी. वाचनही अशा रीतीने बराच काळ ऐकण्याचाच एक प्रकार राहिले.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५ मध्ये तेथून प्रसारित होऊ लागलेल्या 'गीतरामायणा'ने सारे घर रेडिओभोवती जमू लागले. रेडिओने घराला बाहेरचा आवाज दिला. परंतु तो ऐकताना हात मोकळे राहत. रेडिओ ऐकत ऐकत मुलगी तांदूळ निवडू शके, मुलगा भोवऱ्याला दोरी गुंडाळू शके. डोळे आणि हात त्याने आपल्याकडे मागितले नाहीत. हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

८. दूरचित्रवाणीचे आगमन

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. मावळ हा या दोन शहरांच्या मधला प्रदेश. परंतु दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराच्या आडोशाला असलेल्या खोऱ्यांत त्या नीट पोहोचत नाहीत. परिणामी लोहमार्गालगतची गावे आणि आतील खोरी यांच्यात चित्र दिसण्याबाबतही अंतर पडले. उंच बांबूला ॲन्टेना बांधून तो फिरविणे आणि एकाने ओट्यावरून 'आले, गेले' असे ओरडून सांगणे हा त्या काळातील एक घरगुती उद्योगच होता.

१९८२ नंतर रंगीत प्रक्षेपण व लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे विस्तारले. १९८७-८८ मध्ये 'रामायण' आणि १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' या मालिकांनी रविवारची सकाळ व्यापली. गावात एखाद-दुसराच संच असल्याने पाहणे सामुदायिक होते. कोणाच्या ओटीवर कोणी बसायचे, कोणी दारातून पाहायचे, यात गावाची उतरंड दिसून येई. १९९२ नंतर उपग्रह वाहिन्या आणि २००३-०४ पासून थेट घरी येणारी छत्री यांमुळे डोंगराचा आडोसा निरर्थक ठरला. जनगणनेनुसार दूरचित्रवाणी संच असलेल्या कुटुंबांचे देशातील प्रमाण २००१ मध्ये ३१.६ टक्के होते, ते २०११ मध्ये ४७.२ टक्के झाले. याच दशकात रेडिओ असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ३५.१ वरून १९.९ टक्क्यांवर आले.

९. नेमके काय विस्थापित झाले ?

या संदर्भात दोन परदेशी अभ्यासांचा उल्लेख उपयुक्त ठरेल. ब्रिटनमध्ये हिल्डा हिमेलवाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, दूरचित्रवाणी मुख्यतः तिच्यासारखीच गरज भागविणाऱ्या गोष्टींची, म्हणजे रेडिओ, चित्रपट, चित्रकथा यांची जागा घेते. कॅनडात टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आला. दरीत वसल्यामुळे १९७३ पर्यंत दूरचित्रवाणीचे चित्र न पोहोचलेल्या एका लहान गावाचा त्यांनी संच येण्यापूर्वी आणि दोन वर्षांनंतर असा दोनदा अभ्यास केला. पूर्वी तेथील मुले सर्जनशीलतेच्या चाचणीत इतर गावांतील मुलांपेक्षा सरस होती. दोन वर्षांनंतर तो फरक नाहीसा झाला. सामुदायिक कार्यक्रमांतील सहभागही घटला. १९७३ हेच वर्ष आणि डोंगराचा तोच अडथळा पाहता पवनेच्या खोऱ्यातही असा अभ्यास तेव्हा शक्य होता. ती संधी आपल्या हातून निसटली.

मावळच्या बाबतीत उपलब्ध साधनांवरून असे म्हणता येईल की, खेळांच्या ऱ्हासाला दूरचित्रवाणी हे एकमेव कारण नव्हते. शेणाने सारवलेली जमीन जाऊन फरशी आली, तेव्हा कोळशाने पट आखणे थांबले. काचेच्या बांगड्यांचा नित्य वापर घटला, तेव्हा काचापाणी मागे पडले. १९७०च्या दशकात पवना धरणाच्या जलाशयाने जी घरे उठली, त्या घरांतील मुलांचे सवंगडीच पांगले. कुटुंबे लहान झाली आणि आजी गावाकडे, नातवंडे चाकरीच्या गावी अशी विभागणी झाली. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि पर्यटनाबरोबर जमिनीचे भाव वाढले. अनेक अंगणांना कुंपणे पडली.

दूरचित्रवाणीने थेट जागा घेतली ती दिवेलागणीनंतरच्या दोन तासांची. गोष्ट, कोडी, परवचा आणि दिवसभरातील घडामोडींची देवाणघेवाण ज्या वेळेत होत असे, नेमकी तीच वेळ मालिकांनी घेतली. रेडिओने हात मोकळे ठेवले होते. दूरचित्रवाणीने डोळेही मागितले आणि डोळ्यांबरोबर परस्परांकडे पाहणेही कमी झाले. याचा एक प्रत्यय भारनियमनाच्या काळात, विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत, ग्रामीण महाराष्ट्राने घेतला. दिवे गेले की पडवीत माणसे जमत, मुले भेंड्या खेळत, कोणी भुताची गोष्ट सांगे. वीज येताच सारे पुन्हा आत जात. प्रस्तुत लेखकाच्या पिढीला आजीच्या गोष्टी आठवतात, त्यांपैकी कित्येक अशा अंधारातच ऐकलेल्या आहेत.

१०. बंद करण्याचा प्रयोग

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून केलेला प्रयोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. करोना काळात मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आले आणि अभ्यासाची सवय मोडली, या चिंतेतून ग्रामस्थांनी निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो, घरोघरचे दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद होतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुले वाचन-लेखन करतात, असे या उपक्रमाचे स्वरूप होते. यातील लक्षणीय बाब अशी की, बंदी केवळ मुलांवर नव्हती. मोठ्यांनीही आपले संच बंद ठेवावयाचे होते. एका घराने संच बंद केला तर शेजारच्या घरातील आवाज मुलाला ओढून नेतो; सारे गाव एकाच वेळी थांबले तर तो प्रश्न उरत नाही. एका दिव्याभोवती जमण्याची जी सक्ती पूर्वी रॉकेलच्या टंचाईने केली होती, ती येथे गावाने संमतीने स्वीकारली.

याउलट माध्यम हे सदैव शत्रूच असते, असेही म्हणता येत नाही. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित झाली. घरातील व परिसरातील वस्तू घेऊन शिकण्यास तिने मुलांना प्रवृत्त केले. संच पाहून झाल्यावर मुलाने उठून काहीतरी करावे, अशी तिची रचना होती.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, दूरचित्रवाणीपूर्व मावळातील मुलांचा घरातील वेळ हा पाऊस, उजेड आणि काम यांनी बांधलेला होता. तो रिकामा नव्हता आणि सर्वस्वी मुक्तही नव्हता. दुसरा, या वेळेत वस्तू घडविणे, मोजणे, ऐकणे आणि मुलांनी मुलांना शिकविणे यांना मोठे स्थान होते व त्यातील बराचसा भाग औपचारिक शिक्षणाने कधीच आपलासा केला नाही. तिसरा, हा वेळ मुलींच्या वाट्याला फारच थोडा आला.

तिसऱ्या निष्कर्षाचा आपल्या आजच्या सल्ल्याशी थेट संबंध आहे. एका खोलीच्या घरात संच बंद झाल्यावर मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि मुलगी भांडी घासावयास जाते, असे घडत असेल तर आपण भूतकाळाची पुनरावृत्तीच करीत आहोत. संच बंद करण्याबरोबर त्या दीड-दोन तासांत घरातील काम कोण करणार, हा प्रश्नही पालकांसमोर ठेवला पाहिजे. तसेच मुलाशेजारी बसणारे मोठे माणूस नसेल तर दूरचित्रवाणी जाऊन केवळ भ्रमणध्वनीच तिची जागा घेईल.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयांत मावळातील खेड्यांतून येणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्या आज्या अजून सागरगोटे झेलू शकतात आणि जमिनीवर वाघ-बकरीचा पट न अडखळता आखू शकतात. इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन, एका पावसाळ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका वृद्ध व्यक्तीकडून एक खेळ, एक गोष्ट आणि तिच्या बालपणातील एका दिवसाचा क्रम लिहून आणावा, एवढा प्रकल्प हाती घेतला तरी एक मोलाचे साधन सुरक्षित होईल. त्यासाठी निधीची फारशी गरज नाही. त्या निमित्ताने एखादी सायंकाळ नातू आजीसमोर वही उघडून बसला, तर अभ्यासाचा विषय आणि त्याचे फलित ही दोन्ही एकाच घरात एकत्र आलेली दिसतील.